नळाची बाजू

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. हाज्जा तामूंनी फक्त बादली दाखवली होती; हात सी मुफद्दल यांनी आपण होऊन पुढे केला.

बादलीच्या तळाशी एक निळा तारा पडला होता. आठ टोकांचा, तळहाताएवढा, भाजलेल्या मातीचा. गल्लीच्या तोंडाशी जो पाणवठा आहे, त्याच्या नळाभोवतीच्या भिंतीवरून गेले दोन हिवाळे असे तुकडे गळत होते. लोक ते उचलून खिडकीत मांडून ठेवत, आणि भिंत दिवसेंदिवस दात पडलेल्या तोंडासारखी दिसू लागली होती. त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पण हाज्जा तामूंच्या बादलीत तारा पडला तेव्हा तो नुसता तारा राहिला नाही, त्याचं प्रकरण झालं.

"सी मुफद्दल," बादली त्यांच्या नाकासमोर धरून हाज्जा तामू म्हणाल्या, "तुमचे सासरे झलीजचे, या रंगीत तुकड्यांच्या कामाचे मअल्लम, मोठे कारागीर. सगळ्या फेस शहरात त्यांनी भिंती मढवल्या. तुम्ही गणिताचे मास्तर. दोघांच्यात मिळून एक भिंत होत नाही?"

"त्यात काय मोठंसं? एक नकाशा काढला की झालं," सी मुफद्दल म्हणाले.

हे 'झालं' व्हायला सात महिने लागले.

आता खरं कारण सांगायला हवं. सी मुफद्दल यांना पाणवठ्याचा एवढा पुळका नव्हता. त्यांच्या घरी दोन नळ होते. पण त्यांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि या बावीस वर्षांत सासऱ्यांनी, म्हणजे बा मक्कींनी, त्यांच्या कुठल्याही कामाला एकदाही 'बरोबर आहे' म्हटलेलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. दर शुक्रवारी कुसकुसच्या परातीभोवती सगळे बसले की बा मक्की भोपळ्याची फोड मोडता मोडता विचारत, "काय उस्ताद, कागद काय म्हणतो?" आणि उत्तर यायच्या आत मीठ मागत. सी मुफद्दल यांना वाटे, म्हाताऱ्याच्या लेखी आपण कागदी माणूस. हाताने काही केलेलं नाही, मातीला हात लावलेला नाही. एकदा, फक्त एकदा, त्या तोंडून 'बरोबर' ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. चोपन्नाव्या वर्षी माणसाने एवढी साधी इच्छा धरावी आणि तीही पुरी होऊ नये, याचं त्यांना वाईट वाटे.

आणि चित्रकलेत नसली तरी नकाशात त्यांची हातोटी होती. शाळेतले बाकीचे मास्तर प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या संगणकावर माउसने ओढूनताणून काढत. सी मुफद्दल यांना ते पोरकट वाटे. ते आकृती काढत नसत, लिहीत. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ; इथे वर्तुळ, त्रिज्या एवढी. असे हुकूम ओळीने लिहायचे, आणि छापताना संगणकाने मुकाट्याने आकृती उभी करायची. त्यातही एक मौज अशी, की एखादा आकार एकदाच लिहायचा, त्याला नाव द्यायचं, आणि मग नुसतं म्हणायचं: हा इथे ठेव, हा तिथे ठेव, हा अर्धा करून कोपऱ्यात ठेव. आकार एक, जागा हव्या तितक्या. आठ टोकांचा तारा तर त्यांनी कधीच लिहून ठेवला होता. तो त्यांच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर असे. तेव्हा भिंतीचा नकाशा म्हणजे काय? तोच तारा, आडवे नऊ, उभे सात. एकूण त्रेसष्ट. मधल्या फटींत फुल्या. रविवारी सकाळी बसलं तर दुपारच्या जेवणाआधी उठता येईल.

रविवारी सकाळी सी बूशता आले. हे पोस्टातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू योग्य जागी पोचवल्यामुळे, जगात कुठली वस्तू कुठे असावी यावर त्यांचं मत असे. ते सी मुफद्दल यांच्या खांद्यामागे उभे राहिले, दोन पेले चहा प्यायले आणि म्हणाले, "सगळे तारे एकसारखे उभे? कवायत वाटते हो. एक सोडून एक जरासा फिरवा. भिंत जिवंत वाटेल."

"जरासा म्हणजे किती?"

"जरासा म्हणजे जरासा."

सी मुफद्दल यांनी जराशाचे साडेबावीस अंश केले आणि हुकूम सोडला. तारे फिरले. पण जागच्या जागी फिरले नाहीत. दार बिजागरीवर उघडतं तसे एका बाजूला झुलले, आणि एकतीस तारे शेजाऱ्यांच्या अंगावर जाऊन पडले. एक तर भिंतीच्या चौकटीबाहेर गेला.

"हां! जरा जास्तच जिवंत झाली," सी बूशता म्हणाले.

शुक्रवारी परातीभोवती बतूलने, म्हणजे सी मुफद्दल यांच्या बायकोने, ही हकीकत वडिलांना सांगितली. नवऱ्याची फजिती माहेरी सांगण्यात बायकांना जे सुख मिळतं त्याला जगात तोड नसावी. बा मक्की ऐकत होते. मग त्यांनी एक हरभरा उचलला, परातीच्या काठावर ठेवला आणि बोटाने गरकन फिरवला.

"तारा पोटाशी धरून फिरवतात, उस्ताद. टोकाला धरून फिरवला की गोफण होते."

सी मुफद्दल यांनी घरी जाऊन पाहिलं. अगदी तसंच होतं. तारा लिहिताना मोजमाप त्यांनी खालच्या डाव्या टोकापासून सुरू केलं होतं. संगणकाच्या दृष्टीने ताऱ्याचं ठिकाण म्हणजे ते टोक. त्यांनी सगळा तारा पुन्हा लिहिला, मध्यापासून. आता तो भोवऱ्यासारखा जागेवर फिरला. फिरलेले तारे फुल्यांत बसत नाहीत हेही मग कळलं, आणि सगळे पुन्हा सरळ केले. पण त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. ज्या म्हाताऱ्याने आयुष्यात संगणकाला हात लावला नाही, त्याला आपली चूक हरभऱ्यावर कशी दिसली? गणिताच्या माणसाला अपमानाची झोंबणी फार वेळ टिकत नाही, मधेच कुतूहल घुसतं.

मग नगरपालिकेची कचेरी. तिथल्या सी झुबैर यांच्या टेबलाशी पाणवठ्यांचा विषय होता. ते सज्जन गृहस्थ होते. सज्जन माणूस 'नाही' म्हणत नाही, आणखी एक कागद मागतो.

"पाणवठा कोणाच्या मालकीचा?"

"कोणाच्याच नाही. गल्लीचा आहे."

"मग गल्लीने सही करावी."

"गल्ली सही कशी करणार?"

"प्रत्येक घराने. आणि प्रत्येक सही खरी असल्याचा शिक्का. नकाशाच्या चार प्रती, एकेक तुकडा दाखवलेला. आणि नळ कुठे येणार तो पाइपाच्या मापाने. पाणीखात्याकडून माप आणा."

सह्या गोळा करायला पाच आठवडे गेले. हाज्जा तामूंनी सही करताना अट घातली की नळ उंचावर हवा, म्हणजे मोठा हंडा खाली मावेल. पलीकडच्या शिंप्यांनी अट घातली की नळ खाली हवा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. सी बूशतांनी बिनशर्त सही केली, पण ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन आपण बिनशर्त केली हे सांगितलं, त्यामुळे उरलेल्यांना अटी सुचल्या. पाणीखात्याचा माणूस दोनदा येऊन परत गेला आणि तिसऱ्यांदा माप देऊन गेला: पाइप उजवीकडे आहे, आणि सी मुफद्दल यांनी दाखवलाय त्यापेक्षा दोन बोटं खाली.

सी मुफद्दल यांची युक्ती अशी होती की नळासाठी वेगळी जागा काढायचीच नाही. एक तारा गाळायचा आणि त्याच्याच भोकातून नळ बाहेर काढायचा. उजवीकडून तिसरा, खालून तिसरा. तेव्हा दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तो मोकळा तारा दोन बोटं खाली सरकवला आणि कागद अभिमानाने घरी आणला.

बतूल स्वयंपाकघरातून हात पुसत आली. कागदाकडे बघून म्हणाली, "तारा गेला खाली, पण त्याचं घर वरच राहिलं की रे."

खरंच. भोवतीच्या चार फुल्या जिथल्या तिथे, मधे खड्डा, आणि तारा खालच्या ताऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन उभा. प्रत्येक तुकडा त्यांनी भिंतीच्या कोपऱ्यापासून मोजून ठेवला होता. कोणाचं कोणाशी नातं नव्हतं. सी मुफद्दल यांनी मग सगळी जाळी एका मोटेत बांधली आणि मोटेला नाव दिलं. आता मोट सरकवली की सगळं कुटुंब सरकत होतं. ते अर्धा तास नुसते सरकवत बसले होते. वर, खाली, वर, खाली.

"तुला काम आहे की खेळणं?" बतूलने विचारलं.

"बघ ना, एकही मागे राहत नाही."

"बांच्याकडेही असंच असतं. जमिनीवर अख्खी भिंत मांडतात आणि मग उचलतात."

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण फजिती घरातल्या घरात होती. ती चव्हाट्यावर आणायचं काम सी झुबैर यांनी केलं, तेही सज्जनपणे. "नकाशात नळ दिसत नाही," ते म्हणाले. "नुसतं भोक आहे. भोकाला मी मंजुरी कशी देणार? नळ काढून दाखवा."

सी मुफद्दल घाईत होते. सहामाही परीक्षा दुसऱ्या दिवसावर होती. त्यांनी भोकाच्या जागी तारा परत ठेवला, ताऱ्याचे मूळ हुकूम उघडले, मधोमध एक छोटा गोल आणि त्याला खाली वळलेली चोच काढली, साठवलं, चार प्रती छापून घडी घातल्या आणि सकाळी शाळेत जाता जाता कचेरीत टाकल्या. पाहिल्या नाहीत. पाहायला हव्या होत्या.

दहा वाजता फोन आला.

"सी मुफद्दल, तुमच्या गल्लीत माणसं किती?"

"असतील सत्तर-ऐंशी."

"मग त्रेसष्ट नळ कशाला?"

सी मुफद्दल यांच्या लक्षात आलं. बरोबरच होतं. जाळीत त्रेसष्ट तारे नव्हतेच. एकच तारा होता, त्रेसष्ट ठिकाणी उभा केलेला. त्याला नळ फुटला की सगळीकडे फुटणार. ते मनातल्या मनात हिशेब जुळवत होते, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की तो तारा आणखी कुठे कुठे उभा आहे.

ते धावत परीक्षेच्या वर्गाकडे गेले. उशीर झाला होता. शाळेच्या कार्यालयाने त्यांच्याच साठवणीतून सकाळी ताज्या प्रश्नपत्रिका छापल्या होत्या. माथ्यावर नळ होता. कोपऱ्यांत नळ होते. आणि चौथ्या प्रश्नात, 'शेजारील आकृतीला सममितीचे अक्ष किती आहेत ते कारणासह लिहा', शेजारी एक भला मोठा तारा होता, त्याच्या पोटातून तोटी बाहेर आली होती, आणि एकशे अठरा मुलं ती पेन्सिल चावत न्याहाळत होती.

उत्तर आठ यायला हवं होतं. मुलांनी एक लिहिलं, कारण तोटीसकट तेच बरोबर होतं. मुख्याध्यापकांनी सी मुफद्दल यांना बोलावून विचारलं की शाळेत पाणी येत नाही याचा हा निषेध आहे का. एका मुलीने लिहिलं होतं, 'नळ बंद असेल तर एक. चालू असेल तर सांगता येत नाही.' सी मुफद्दल यांनी तिला पूर्ण गुण दिले आणि वर अर्धा आपल्याकडून दिला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात शिरताना मागच्या बाकावरून पाणी ठिबकल्याचा आवाज येऊ लागला. कोण काढतं ते कधी कळलं नाही.

पण ज्याची भीती होती ते शुक्रवारी झालं नाही. बा मक्कींनी सगळं ऐकलं, हसले नाहीत. एवढंच विचारलं, "एक बदलला की सगळे बदलतात?"

"हो, बा."

"एकूण एक?"

"एकूण एक."

"हं," बा मक्की म्हणाले आणि मीठ मागायचं विसरले.

शेवटी एप्रिलमध्ये मंजुरी आली. नळवाला तारा वेगळ्या नावाने लिहिला होता, एका जागी ठेवला होता, नकाशावर चार शिक्के होते. आता फक्त तो बा मक्कींच्या हाती द्यायचा.

त्यांचा कारखाना शहराबाहेर, ऐन नोकबी नावाच्या भट्ट्यांच्या वस्तीत. गुडघ्यांमुळे ते आता उताराच्या गल्ल्यांत येत नसत. पाणवठ्याकडे फिरकून त्यांना सहा-सात वर्षं झाली होती. सी मुफद्दल गेले तेव्हा ते एक काम मांडत होते. झलीज मांडतात पालथा. रंगाची बाजू जमिनीला, आणि वर दिसते ती नुसती लाल माती. रंग न बघता, एकेक तुकडा आकारावरून ओळखून, उलट्या बाजूने अख्खी भिंत रचायची; मग वरून गिलावा ओतायचा, आणि सुकल्यावर उचलून सुलटी करायची. तोवर आपण काय केलंय हे करणाऱ्यालाही दिसत नाही. भिंतीवर जे उजवीकडे यायचं ते मांडताना डावीकडे. हे सगळं डोक्यात.

सी मुफद्दल बघत उभे राहिले. शहात्तर वर्षांचा माणूस एक तुकडा नाकाशी धरून बघत होता. फिरवून बघत होता. मग तो खाली ठेवला, दुसरा उचलला, तोही ठेवला, पहिलाच पुन्हा घेतला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय असं बतूल म्हणत होतीच. सी मुफद्दल यांना गलबलून आलं. या वयात या माणसाने डोक्यात उलटं-सुलटं करायचं? आणि चुकला तर? शेवटचं काम असेल त्याचं, आणि तेही आपल्याच गल्लीसमोर, आपल्यामुळे.

त्यांनी नकाशा पिशवीतून काढलाच नाही. "उद्या आणतो," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी अख्ख्या मोटेच्या आधी एक ओळ लिहिली: आडवं माप उणे एक. बस. भिंत आरशात गेल्यासारखी पालटली, नळ उजवीकडून तिसरा होता तो डावीकडून तिसरा झाला. आता म्हाताऱ्याने कागद बघून जसंच्या तसं मांडायचं; उलटं करण्याचे कष्ट कागदाने घेतलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद दिला. पालटल्याचं सांगितलं नाही. कसं सांगणार? 'बा, तुमचं डोकं आता चालत नाही म्हणून' असं का म्हणायचं? एक चांगली गोष्ट आपण गुपचूप केली, या समाधानात ते घरी आले. चांगली गोष्ट गुपचूप करू नये. चार लोकांना विचारून केली तर निदान मोडता घालायला कुणीतरी असतं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी दहा वाजता गल्लीच्या वरच्या तोंडातून "बालाक! बालाक!" अशी वाट सोडायची आरोळी आली. लोक भिंतींना चिकटले. पुढच्या खेचरावर गोधड्यांत गुंडाळलेली भिंत होती, मागच्या खेचरावर नवी पायघोळ जेलाबा घातलेले बा मक्की. गल्ली झाडून काढली होती. हाज्जा तामू मोठा हंडा घेऊन पहिल्या नंबरला उभ्या होत्या. सी झुबैर चार शिक्क्यांची प्रत घेऊन आले होते. सी बूशता सगळ्यांना जरा मागे सरा म्हणून सांगत स्वतः पुढे सरकत होते.

गोधड्या सोडल्या. निळे, पांढरे, मधाच्या रंगाचे तारे, एकाची रेघ दुसऱ्यात अशी गेलेली की केस जाणार नाही. सी मुफद्दल यांनी तो नकाशा शंभरदा पाहिला होता. पण कागदावरचं उन्हात उभं राहिलं की काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एकदम रडू येईल की काय असं वाटलं.

चौघांनी भिंत उचलली आणि पाणवठ्याला लावून धरली.

पाइप उजवीकडे होता. भोक डावीकडे होतं.

"अगं बाई," हाज्जा तामू म्हणाल्या.

"उलटी धरली असेल. डोकं खाली, पाय वर करून बघा," सी बूशता म्हणाले. चौघांनी करून बघितलं. भोक उजवीकडे आलं, पण वर गेलं, पाइपापासून हातभर. परत सरळ केली. सी झुबैर हातातल्या प्रतीकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघू लागले. सज्जन माणसाच्या चेहऱ्यावर आणखी एक कागद उमटताना दिसत होता.

सी मुफद्दल यांना काय झालं ते तत्क्षणी कळलं. त्यांनी कागदावर पालटलं होतं. बा मक्कींनी जन्मभराच्या सवयीने कागद डोक्यात पालटला होता; म्हणून मांडणी सुलटीच राहिली आणि उचलल्यावर भिंत उलटी झाली. उण्याला उण्याने गुणलं की काय होतं हे ते दर वर्षी तीन तुकड्यांना शिकवत होते.

बा मक्की खेचरावरून उतरले. लंगडत भिंतीपाशी आले, पाइपाला हात लावला.

"मी लहानपणापासून याच नळाचं पाणी प्यायलो," ते म्हणाले. "उजवीकडेच होता. तुझा कागद डावीकडे म्हणाला. मी दोन दिवस विचार करत बसलो."

"मग बा, मला विचारायचंत तरी!"

"कशाला विचारू? म्हटलं, पाणीखात्याने पाइप हलवला असेल. नाहीतर माझीच आठवण गेली असेल, वय झालं." त्यांनी जावयाकडे वळून बघितलं. "तुझा कागद चुकणार नाही."

बावीस वर्षं ज्या शब्दासाठी सी मुफद्दल थांबले होते, तो असा आला. सगळ्या गल्लीदेखत, आणि कागद चुकलेला असताना. त्यांना जमीन दुभंगावी असं वाटलं. त्यांनी म्हाताऱ्याच्या डोक्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि म्हाताऱ्याने यांच्या कागदापुढे स्वतःचं डोकं खोटं धरलं होतं. गप्प बसता आलं असतं. पाणीखात्यावर ढकलता आलं असतं. सी बूशता तर तेवढ्यात ढकलूही लागले होते.

"कागद मी पालटून दिला होता, बा. तुम्हाला... तुमचे डोळे... म्हटलं, उलटं करण्याचा त्रास नको. सांगितलं नाही, ही माझी चूक," सी मुफद्दल म्हणाले.

हाज्जा तामूंनी हंडा खाली ठेवला.

"म्हणजे तू मला म्हातारा समजलास," बा मक्की म्हणाले.

"हो, बा."

"आणि मी तुला शहाणा समजलो. चूक दोघांची. पण माझी मोठी."

गल्ली अशी हसली की खेचर बुजलं. सी मुफद्दलही हसले, डोळे पुसत हसले. आणि हसता हसता त्यांची नजर पाइपावर गेली. उजवीकडून तिसरा. भोक डावीकडून तिसरं. एकाच ओळीत. भिंत मधोमध दुमडली तर बरोब्बर एकमेकांवर येणारे.

"बा," ते म्हणाले, "पाइपाच्या तोंडासमोर आत्ता काय आहे?"

"तारा आहे."

"अख्खा?"

बा मक्कींचे मोतीबिंदू झालेले डोळे बारीक झाले. त्यांनी स्टूल मागितलं, भिंत गोधडीवर पालथी घालायला लावली, आणि कमरेची धारदार हातोडी काढली. गिलावा तीन दिवसांचाच होता. टक, टक, टक. पाव तास कुणी हललं नाही; सी बूशतांनी सुद्धा सल्ला दिला नाही. मग भिंत उभी केली, पुढून अंगठ्याने दाबलं, आणि निळा तारा बा मक्कींच्या तळहातावर आला. एकही टोक उडालं नव्हतं. त्यांनी तो दुसऱ्या बाजूच्या भोकाला लावला, चिमूटभर गिलावा मागे सारला, आणि दाबला.

बसला. न घासता, न ठोकता.

"भोवतीचं कुणी मागे राहिलं नाही," गर्दीतून पुढे येत बतूल म्हणाली.

सी झुबैर यांनी प्रत पुन्हा भिंतीशी ताडून पाहिली, उजवीकडून तिसरा, खालून तिसरा, आणि जड मनाने लिहिलं: नकाशाप्रमाणे.

माणसं भिंत बसवू लागली. बा मक्की पायरीवर बसले आणि जावयाला शेजारी बसायची खूण केली.

"तू पालटलंस ते कसं पालटलंस? मला डोक्यात पालटायला शिकायला नऊ वर्षं लागली. माझ्या मअल्लमचा मार खाल्ला."

"एका ओळीत, बा."

"एका ओळीत?" म्हातारा अविश्वासाने म्हणाला. "दाखव."

सी मुफद्दल यांनी पिशवीतून लॅपटॉप काढून गुडघ्यांवर ठेवला, ती ओळ दाखवली आणि उणे एक लिहिलं. पडद्यावरची भिंत पालटली. बा मक्की नाक लावून बघत राहिले.

"परत सुलटं कर."

सुलटं केलं.

"पुन्हा उलटं."

उलटं केलं.

पलीकडे नळ सुरू झाला होता. हाज्जा तामूंचा हंडा भरून वाहत होता आणि त्या ओरडून सांगत होत्या की मअल्लम, पाणी आलं, मअल्लम, पहिला पेला तुमचा. बा मक्कींनी तिकडे न बघताच हात वर करून त्यांना थांबवलं.

"थांब गं, तामू," ते म्हणाले. "तू कर रे, पुन्हा सुलटं कर."